ढोलीचा राखणदार

एका जुन्या रानात सगळ्यांचे निरोप वडाच्या ढोलीत येत आणि राघूआजोबा, म्हणजे तिथला म्हातारा पोपट, ते घरोघर पोचवीत. ढोलीतल्या पिल्लांवर डोळा ठेवून निरोप्यांच्या आडून साप शिरू लागले, तेव्हा तांबू नावाचं मुंगूस राखणीला बसलं. लांब, वळवळतं काही दिसलं की ते हाकलून लावी. साप यायचे थांबले.

एके दिवशी बगळा धापा टाकत आला. त्याची लांब मान हलताना दिसली आणि तांबूने त्यालाही हाकललं. बगळ्याने वणव्याची खबर आणली होती. ती वेळेवर पोचली नाही आणि सशांची बिळं जळाली. त्यांची पिल्लं कशीबशी वाचली.

“असली राखण नको आम्हाला,” ससे म्हणाले.

तांबूला अन्न गोड लागेना. ते पोपटाला म्हणालं, “आजोबा, राखण हवीच, पण माझी पारख चुकली. आता संशय आला तरी मी कुणाला हाकलणार नाही. बाहेरच्या फांदीवर थांबवीन आणि तुम्हाला विचारीन.”

मग तांबू येणाऱ्या प्रत्येकाला निरखू लागलं. बगळ्याची मान हलते, पण तो पायांवर चालत येतो. साप पोट घासत येतो. तांबूने लांबी पाहणं सोडलं आणि चाल पाहायला सुरुवात केली. निरोप अडेनासे झाले, साप तेवढे अडले. ससेसुद्धा त्याचं नाव कौतुकाने घेऊ लागले.

“जमलं की रे तुला. आता निवांत झोप,” पोपट म्हणाला.

“आजोबा, सापही नवी चाल शिकत असतील,” असं म्हणून तांबू पुन्हा ढोलीच्या तोंडाशी जाऊन बसलं.