समोरचं हरभऱ्याचं शेत

"मग त्या शेताला काय झालं होतं?" साळसकर सरांनी विचारलं.

शाबासकी मिळणार अशा तोऱ्यात निशिकांत बोधे आला होता, आणि सर शेताचं काय ते विचारत होते.

माळावरच्या छोट्या धावपट्टीवर सर तीस वर्षं विमान चालवायला शिकवत होते. त्यांचा एक शिरस्ता होता. इंजिन बंद पडलं तर कुठे उतरणार, ते शिष्याने उडण्याआधी मोठ्याने सांगायचं. त्या सकाळी निशिकांतने सांगितलं होतं, समोरचं हरभऱ्याचं शेत.

विमान त्याचं स्वतःचं. घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षं खपून त्याने ते बांधलं होतं, आभाळात कोलांट्या मारायला. रविवारी लोकांसमोर कसरती करायच्या, एवढा एकच ध्यास. त्यासाठी परवानगीच्या कागदावर सरांची सही हवी होती.

विमान उडालं आणि तीनशे फूट उंचीवर इंजिन बंद पडलं. शेत अगदी नाकासमोर होतं. या पठ्ठ्याने मात्र विमान गर्रकन वळवलं आणि धावपट्टीवर परत आणलं. कुंपणाची तार हातभर खाली राहिली. सर खालून बघत होते; एवढ्या कमी उंचीवर बंद इंजिनाने वळलं की विमान कोसळतं, हे ठाऊक असल्याने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बिघाड इंधनाच्या नळीत निघाला. दुपारपर्यंत सरांनी उभं राहून तो दुरुस्त करून घेतला, आणि मग हा प्रश्न विचारला.

"शेत चांगलं होतं," निशिकांत शेवटी म्हणाला. "पण तिथे चाकं मोडली असती. नाकावरचा पंखा गेला असता."

"आणि तू?"

"मी..." तो अडखळला. "माझा विचार मनातच आला नाही, सर."

सर हसले. पोरगा खरं बोलला, याचं त्यांना बरं वाटलं. हातातला चहा संपवून ते विमानापाशी गेले. लाल रंग नुसता झळकत होता. सरांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि विमानाच्या नाकावर चांगला हातभर लांब ओरखडा ओढला.

"सर, हे काय करताय?"

निशिकांत धावला. ओरखड्यावरून बोट फिरवताना त्याचे डोळे भरून आले. सरांचा त्याला मनापासून राग आला.

सरांनी कागद मागून घेतला. पंखावर ठेवून सावकाश सही केली.

"रविवारी उडव," ते म्हणाले. "पहिला ओरखडा पडलाय. आता तुला शेतात उतरता येईल."