कावळ्याला दिलेला शब्द

एका गावात एक म्हातारा राहायचा. उभं आयुष्य त्याने शहरात आगीच्या बंबावर काढलं होतं. लोकांच्या जळत्या घरांत शिरून माणसं बाहेर आणली होती. एक कान आणि दोन्ही हातांची बोटं होरपळलेली, पण स्वभाव लोण्यासारखा. गाव त्याला बंबवाले आबा म्हणायचं.

नोकरी संपली तसे आबा गावी आले आणि घरात असे रमले की विचारू नका! बायकोचे गुडघे धरलेले, तिला उठवत नसे. मग पहाटेची चूल आबाच पेटवायचे. "जन्मभर विझवल्या, आता रोज एक पेटवतो," म्हणत तिच्या हातात चहा द्यायचे. नातीची वेणीही तेच घालायचे. आखडलेल्या बोटांनी ती वाकडीच व्हायची, पण पोर ती कुणाला सोडू द्यायची नाही.

आणि संध्याकाळ झाली की कावड खांद्यावर. खालच्या आळीतल्या विहिरीचं पाणी वरच्या चौकातल्या हौदात नेऊन ओतायचं. गावातली घरं गवताने शाकारलेली, भिंतीला भिंत लागून. एकाला ठिणगी लागली तर शेजारी वाचायचा नाही, हे आबांना पुरतं ठाऊक होतं.

"काय आबा, कुठं आग लागली?" पारावरचे लोक चेष्टा करायचे.

"लागल्यावर भरून काय उपयोग, बाबांनो?" आबा हसायचे आणि पुढच्या खेपेला वळायचे.

एका थंडीत आबा झोपेतच गेले. त्यांचा मुलगा धाय मोकलून रडला. पोरगा वाईट नव्हता हो, बापावर त्याचा जीव होता. फक्त "करू की उद्या" हे त्याचं पालुपद होतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही, असं मानतात. पण कावळे बाभळीवरून हलेचनात.

"आबा, आईला अंतर देणार नाही," मुलगा हात जोडून म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत.

"तुमच्या नातीला शिकवीन, तिचं सगळं नीट करीन." तरी नाही.

ऊन चढलं. लोकांची चुळबूळ सुरू झाली. तेवढ्यात बैलगाडीत बसलेली आई रडत म्हणाली, "अरे, हौदाचं बोल. त्यांचा जीव हौदात आहे."

"आबा, हौद मी भरीन! एक दिवस चुकवणार नाही!"

शब्द संपतो न संपतो तोच एक कावळा उतरला आणि भाताला चोच लावून गेला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाला वाटलं, सुटलो. आबांना शांती मिळाली.

पहिले काही दिवस त्याने कावड वाहिली. मग खांदा दुखला, मग पाहुणे आले, मग "करू की उद्या". आई रोज विचारायची, "हौद भरलास का रे?" तो म्हणायचा, "कावळा शिवला ना आई? मग झालं तर."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा गावाला उमाळा आला. हौदाला चुना दिला, वर आबांचं नाव रंगवलं, झेंडूची माळ बांधली. चुना वाळावा म्हणून तळाशी उरलं होतं तेवढं पाणीही उपसून टाकलं.

श्राद्धाच्या दिवशी सगळं गाव देवळापाशी जेवायला बसलं. नात आजोबांच्या नावाने पहिलं पान वाढत होती. आई तेवढी घरी होती. आबांच्या फोटोपुढे तिने समई लावली होती. वाऱ्याने पडदा उडाला, पेटला आणि आग छपराला भिडली.

"आग! आग!" पानांवरची माणसं उठून चौकात धावली. घागरी हौदात घातल्या त्या खडखडल्या. विहीर खाली, चढण उभी. काही जणांनी शेजारच्या छपरांचं गवत ओढून काढलं, म्हणून आग पुढे सरकली नाही. मुलगा दारातून आत शिरला, पण आढं कोसळलं आणि लोकांनी त्याला मागे ओढलं. आत आई मुलाला नावाने हाका मारत होती. मग हाका थांबल्या.

आईच्या दहाव्याला पुन्हा तीच नदी, तीच बाभूळ. कावळे वर बसलेले.

"बोल रे काहीतरी," भटजी म्हणाले. "शब्द दे, म्हणजे शिवेल."

मुलाने हात जोडले. पण शब्द कोणत्या तोंडाने देणार? ऊन कलेपर्यंत सगळे थांबले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी मान खाली घालून घरी गेली.

आता तो रोज कावड वाहतो. हौद काठोकाठ भरलेला असतो. कुणी वाखाणलं तर तो खाली बघतो आणि विहिरीची वाट धरतो. घरी आता "हौद भरलास का रे?" म्हणून विचारणारं कुणी नाही.

तात्पर्य: कावळा शिवला म्हणून दिलेला शब्द फिटत नाही. गेलेल्याला शब्द द्यायचा, तो मागे राहिलेल्यांसाठी पाळायचा.