एक देग, दोन ईद

भांड्यांना वाचा होती त्या काळी खाडीकाठच्या एका मशिदीत शिरखुर्म्याची एकच मोठी देग होती. एका वर्षी ढगांमुळे ईदचा चांद वरच्या आळीला दिसला, खालच्या आळीला दिसलाच नाही.

"आता मोहल्ला फुटणार," पळी देगेला म्हणाली. "तू कोणाकडे राहशील?"

सकाळी वरच्या आळीची ईद उजाडली. देग ढवळायचा मान दरवर्षी खालच्या आळीतल्या खैरूनबीचा. तिचा रोजा होता, तरी ती आली. ढवळून झाल्यावर तिने वरच्या आळीच्या सकीनाला हाक मारली. "साखर तू बघ गं. मला आज चाखता येत नाही."

सकीनाने चाखलं. "बरोबर आहे. उद्या तुमच्या ईदेला मी ढवळते, तुम्ही चाखा."

देग पळीला म्हणाली, "ऐकलंस? यंदा मला दोनदा घासतील, एवढाच काय तो फरक."