बिनदोराची घंटा

कौठखळीच्या ख्रिस्ती देवळाला घंटा आहे, पण तिला दोर नाही. दर रविवारी सकाळी कोणीतरी लाकडी शिडी लावून दगडी मनोऱ्यावर चढतं आणि नदीतल्या गोट्यानं घंटेच्या कडेवर ठोके देतं. नवखे पाहुणे हसतात. एवढी समुद्रापलीकडून आणलेली घंटा, आणि गावाला चार हात दोर जमू नये? मग देवळाची किल्ली सांभाळणारे शांतवनकाका त्यांना दाराबाहेरच्या केकताडाच्या बेटापाशी नेतात. केकताड म्हणजे घायपात. त्याची पानं ठेचली की दोराचा वाख निघतो. या बेटाचं पान मात्र कोणी कापत नाही.

"दोराचं मागनं इचारा," काका म्हणतात. "आधी ज्या बाईनं तो वळला, तिचं ऐका."

काका ऐंशीच्या पुढचे आहेत. गोष्टीत जे दाविदमास्तर येतात ते त्यांचे पणजोबा. हे ते पहिल्यालाच सांगून टाकतात. दुसऱ्या कोणी मागाहून कानात सांगण्यापेक्षा ते बरं, असं त्यांचं म्हणणं.

बाईचं नाव ठकू. ओढ्यापलीकडच्या मांगवाड्यात राहायची, नवरा लवकर गेलेला, पोटी मूलबाळ नाही. पण दोर वळावा तर ठकूनं, असं पंचक्रोशीत म्हणत. बैलांचे कासरे, मोटेचा नाडा, लेकराच्या पाळण्याची दोरी, देवीच्या पालखीचे बंद, सगळं तिच्या हातचं. तिनं दोर जमिनीवर टाकायचा, घेणाऱ्यानं तो जमिनीवरून उचलायचा, की झाला शुद्ध. देवीच्या देवळामागच्या विहिरीवर रोज तिचाच दोर पाण्यात उतरायचा. ती स्वतः मात्र घागर खाली ठेवून दूर उभी राहायची, कोणाला दया येईपर्यंत. उन्हाळ्यात दया उशिरा यायची.

ठकूची एकच इच्छा होती, असं सांगतात. चारचौघांत बसावं, त्यांच्याच भांड्यातून, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात येतं तसं आपल्या हातात यावं आणि एक घोट प्यावा. एकदाच. नवरा जिवंत असताना तिनं हे त्याला बोलून दाखवलं होतं. तो पोट धरून हसला. राजाची पालखी माग, ती आधी मिळंल, असं म्हणाला म्हणे.

ओढ्याच्या अलीकडे महारवाडा. गावकुसाबाहेरच तोही. पण गावानं ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनीही आपल्या मधे ओढा ठेवला होता. महारवाडा मांगवाड्याचं पाणी पीत नसे. त्यातला दाजिबा वेसकर, म्हणजे गावाचे निरोप पोचवणारा माणूस. पाटलाच्या गोठ्याच्या भिंतीत त्याच्यासाठी एक नारळाची करवंटी खोचून ठेवलेली असायची. तहान लागली की ती काढून त्यानं खाली बसायचं आणि वरून कोणी धार धरील ती प्यायची. एका चैत्रात तो तालुक्याहून निरोप घेऊन उन्हातून पळत आला आणि त्यानं पाणी मागितलं. करवंटी कुत्र्यानं चाटून टाकली होती. पाटलीणबाईंनी ते पाहिलं आणि त्याच करवंटीत पाणी ओतलं. दाजिबानं पाणी सांडलं, करवंटी काखेत मारली आणि घरी आला. पुन्हा त्या वाड्याची पायरी त्यानं पाहिली नाही.

पुढच्या वर्षी मिशनचे मोठे गोरे साहेब तंबू ठोकून राहिले तेव्हा दाजिबासकट महारवाड्याच्या चाळीस घरांनी बाप्तिस्मा घेतला. दाजिबाचा दाविद झाला, आणि उपदेश करू लागला तसा दाविदमास्तर. गावानं त्यांची कामं तोडली, वाटा अडवल्या, खळ्यावर उभं राहू दिलं नाही. ते सगळं त्यांनी सोसलं, आणि ते सोपं नव्हतं. काका इथं आवाज चढवतात. माझ्या पणजोबाला कोणी भाकरीसाठी बाटला म्हणू नये, बाटल्यावर तर होती ती भाकर गेली, असं ते ठासून सांगतात. आपल्या हातांनी दगड वाहून त्या लोकांनी हे देऊळ उभं केलं. दर रविवारी मास्तर ती करवंटी उंच धरायचे आणि म्हणायचे, "गावानं मला ही दिली. प्रभूनं मला आपला प्याला दिला." ऐकणारे रडायचे.

मग घंटा आली. तिला बाजारचा दोर पुरेना, दोन दिवसांत तुटला. मास्तर ओढ्याच्या काठाशी आले आणि अलीकडूनच हाक मारली, "ठके, एकवीस हात दोर पायजे. घंटेला."

"ती कशाला वाजवायची?" ठकूनं विचारलं.

मास्तरांच्या अंगात तेव्हा येशूचं शुभवर्तमान भिनलेलं. जीभ वेगळं काही बोलायला तयार नव्हती. ते म्हणाले, "ती म्हनती, या. समदे या."

ठकूची चूक झाली ती इथं. तिनं ते खरं धरलं. दोर वळणाऱ्या बाईला शब्दाला शब्द जोडून बघायची सवय असते. 'समदे' यातून कोणाला वगळायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दोर मनोऱ्याला चढला, पहिला ठोका पडला, आणि ठकू धुवट लुगडं नेसून ओढा ओलांडून देवळाच्या दारात येऊन उभी राहिली. कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणायलाही तोंड कोणाला नव्हतं. ती उंबऱ्याशी जमिनीवर बसली. त्यानंतर दीड वर्ष तिनं एक रविवार चुकवला नाही. पुढच्या चटईवरच्यांच्या आधी प्रभूची प्रार्थना तिला पाठ झाली. साहेब फिरतीवर आले, त्यांनी तिला चार प्रश्न विचारले, तिनं दहांची उत्तरं दिली. खूश होऊन त्यांनी तिच्या कपाळावर पाणी शिंपडलं आणि मार्था हे नाव दिलं. मास्तर तेव्हा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते म्हणे. नाव बदललं, पण तिला हाक मात्र सगळे ठकी अशीच मारत.

आता राहिलं प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला द्राक्षरस, सगळ्यांना एकाच प्याल्यातून, हातातून हातात. ठकूनं आदल्या आठवड्यात मांगवाड्यात कोणालाही सांगितलं नाही. हसतील म्हणून. पण तिनं त्या आठवड्यात कामही घेतलं नाही, नुसती हात घासून घासून धूत राहिली. वाखानं काळे झालेले हात, ते काय निघणार.

इकडे देवळाचे पंच साहेबांच्या तंबूत गेले. मास्तर पुढं होते. त्यांनी सांगितलं, "सायेब, ती प्याल्याला लागली तर चाळीस घरं उठून जातील. निम्मी देवीकडं परत जातील."

साहेबांनी रागावून ग्रंथातली वचनं वाचून दाखवली. पंच मान खाली घालून ऐकत राहिले आणि हलले नाहीत. शेवटी साहेबांनी ग्रंथ मिटला. चाळीस घरं, आणि एक बाई. ते म्हणाले, "ठीक आहे. हळूहळू होईल." हा शब्द त्यांनी मराठीत नीट शिकलेला होता.

रविवार उजाडला. पाव कुठला मिळायला, जोंधळ्याची भाकर मोडली गेली. प्याला पुढच्या चटईवरून निघाला. ठकू उंबऱ्याशी बसून त्याच्याकडे बघत होती. तो एकेक हात मागं येत होता, आणि तिनं पदराला हात पुसून पुढं केले. शेवटच्या चटईवर प्याला पोचला, तिथल्या म्हातारीनं घोट घेतला, आणि प्याला मागं न येता वळून पुढं गेला. मग मास्तर उठले. भिंतीवरची करवंटी काढून त्यांनी तिच्यात सुरईतला रस ओतला आणि आणून ठकूच्या पुढं जमिनीवर ठेवली.

तीच करवंटी. पाटलाच्या गोठ्यातली.

ठकूनं करवंटीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. आपण काय केलं ते मास्तरांना त्या क्षणी कळलं असं काका म्हणतात. कळलं आणि तरी करवंटी उचलली नाही, हेही ते सांगतात.

ठकू रडली नाही, ओरडली नाही. ती उठून बाहेर मनोऱ्याखाली गेली. तिनं दोर खुंटीवरून सोडला, वरची सरकगाठ खालूनच झटक्यानं काढली आणि एकवीस हात दोर खांद्यावर घेऊन दारात आली.

"मास्तर, दोर कसा वळत्यात ठावं हाय का?" ती म्हणाली. "वाख कोरडा असला की पीळ बसत न्हाई. दर वळीला तळव्यावर थुकावं लागतं. ह्या दोराच्या पिळापिळात माझी थुकी हाय. दीड वरीस तुम्ही त्यो धरून घंटा वाजवलीत आन् त्याच हातानं भाकर मोडलीत. थुकी चालली. तोंड न्हाई चाललं."

मागच्या चटईवरची म्हातारी आपले हात लुगड्याला पुसू लागली, आणि तेच ठकूला सगळ्यात जास्त लागलं असं सांगतात. तिथंच उंबऱ्यावर बसून तिनं तो दोर उलटा पिळून उलगडला. एकवीस हात. तेवढा वेळ सगळे बसून राहिले, कारण बाहेर जायची वाट तिच्यावरून होती. दोराचा नुसता वाख झाला तेव्हा ती उठली. "प्याला जवा दारापासनं निघंल," ती म्हणाली, "तवा घंटेला दोर टिकंल. तवर न्हाई."

करवंटी भरलेली तशीच राहिली. तिला मुंग्या लागल्या.

त्यानंतर घंटेला दोर टिकला नाही. नगरहून सुती दोर आणला, त्याचे पीळ महिन्यात आपोआप सुटले. साखळी लावली तर घंटेची जीभच तुटून खाली पडली. अशी चार-पाच वर्षं गेली. तंबूतलं बोलणं तोवर ओढ्यापलीकडंही पोचलं होतं. शेवटी मास्तरांनी पंचांशी भांडून ठराव करून घेतला की प्याला दारापासून निघेल. मग ते स्वतः ओढ्याकाठी गेले. या खेपेला ओढा ओलांडून पलीकडे गेले, ठकूच्या दारात उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "मार्थाबाई, चला. प्याला तुमच्यापासून सुरू व्हायचाय."

ठकू वाख विंचरत होती. तिनं मान वर केली नाही.

"येते की," ती म्हणाली. "हळूहळू."

ती आली नाही. दोन पावसाळ्यांनी वारली. मांगवाड्यानं ख्रिस्ती दफनभूमीत जागा मागितली, कारण बाप्तिस्मा तर झालेला. पंच म्हणाले, साहेब फिरतीवर आहेत, आले की विचारू. प्रेत काही साहेबांसाठी थांबणार नव्हतं. मग तिच्या माणसांनी कोणाला न विचारता देवळाच्या दाराबाहेर, उंबऱ्यापासून चार पावलांवर खड्डा घेतला. मास्तरांनी त्यांच्याबरोबर माती लोटली, पण तोवर त्याला उशीर झाला होता. पुढच्या पावसात तिथं केकताड उगवलं. कोणी लावलं नव्हतं, असं म्हणतात. मास्तरांनी त्यानंतर उपदेश केले, पण हात कधी वर धरला नाही. करवंटीचं काय केलं, ते त्यांनी घरातही कोणाला सांगितलं नाही.

एवढं ऐकल्यावर एखादा पाहुणा हमखास विचारतो, मग आता प्याला कुठून निघतो? काका त्याला आत नेतात आणि दाराजवळचा बाक दाखवतात. आजही प्रभुभोजनाच्या दिवशी पाळक प्याला घेऊन आधी या बाकापाशी येतात, श्वासभर थांबतात, आणि मग पुढच्या बाकांकडे वळतात. दीडशे वर्षं होत आली, हे चुकलेलं नाही. पोरांनी मध्यंतरी नवी जीभ बसवून नायलॉनचा दोर लावून पाहिला. दिवाळी ते नाताळ एवढाच टिकला.

"म्हणजे तिचा शब्द पाळला, तरी दोर टिकत नाही?" पाहुणा विचारतो.

काका बाकावर हात फिरवतात. बाकाचं लाकूड नव्यासारखं आहे, कुठंही झिजलेलं नाही. "प्याला दारापासनं निघतो," ते म्हणतात, "पर हितं बसतं कोन?"

मग ते दारातून ओढ्यापलीकडे बोट दाखवतात. ठकूच्या मागं मांगवाड्यातली बरीच घरं ख्रिस्ती झाली, पण या देवळात ती आली नाहीत आणि त्यांना आणायलाही कोणी गेलं नाही. त्यांचं वेगळं पत्र्याचं देऊळ आहे. सोयरीक अजून ओढा ओलांडत नाही. त्यांच्याकडे घंटाही नाही, आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे आणि त्यावर आपटायला दोराला बांधलेला लोखंडी गोळा.

आजही रविवारी सकाळी आधी पलीकडून टोला येतो. मग शांतवनकाका उठतात, गोटा खिशात टाकतात आणि भिंतीची शिडी मनोऱ्याला लावतात. पलीकडचा तो दोर केकताडाचाच आहे, हातानं वळलेला. तो कधी तुटला नाही.