पडसादाच्या आधी वाजलेली घंटा

फार फार पूर्वी, आपल्याआधी जिथे उजाडतं त्या पूर्वेच्या मुलखात एक राज्य होतं. तिथल्या जत्रेत मोठी गमतीची शर्यत लागे. नगारा वाजला की धावायचं, आणि त्याचा आवाज लांबच्या डोंगरावर आपटून परत यायच्या आत मैदानाच्या टोकाची घंटा वाजवायची. डोंगराला आजवर कोणी हरवलं नव्हतं.

त्या राज्यात एक धावपटू होता. अंगाने ठेंगणा, पण माणसांत त्याच्यापुढे कोणी नसे. कमरेला मानाचा लाल पट्टा होता. तरी दरवर्षी घंटेला हात लागायच्या जरासा आधी पडसाद यायचाच. लोक म्हणत, "आता वय झालं बाबा, आहे त्यात सुख मान." पण त्याच्या डोक्यातला किडा गप्प बसेना. हे जरासं सांडतं तरी कुठे?

एकदा ओढ्याकाठी एक म्हातारी शेळी टुणकन पलीकडे गेली. त्याने विचारलं, "शेळीबाई, उडी मारताना आधी कुठला पाय उचलतेस गं?"

"पायांना विचारत बसले असते तर कधीच वाहून गेले असते! तू कुठला उचलतोस?"

"उजवा. आमच्याकडे शर्यतीत सगळेच पहिलं पाऊल उजवं टाकतात. शुभ असतं ते."

तो पाठमोरा होताच शेळीने त्याला मागून धडक दिली. तो कोलमडला, सावरला, आणि खाली बघतो तर डावा पाय पुढे! पुन्हा धडक, पुन्हा डावाच.

"बघ, तुझ्या पायांना तुझं शुभ ठाऊकच नाही," शेळी म्हणाली.

त्याने पहिलं पाऊल बदलायचं ठरवलं. त्याला धावायला शिकवणारे गुरुजी हादरलेच. "अरे, ओळीने दोन जत्रा बाकीच्या धावपटूंकडून हरलास तर पट्टा जाईल. पुन्हा कधी धावता येणार नाही. या वयात नव्याने पाऊल टाकायला शिकणार?"

"गुरुजी, काय होतं ते बघायचंय मला."

झालं काय, तर पुढच्या जत्रेत पायात पाय अडकला आणि तो सगळ्यांच्या मागे राहिला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला!" म्हणत लोक हसले. त्याला रडू आलं. मग डोळे पुसून तो ओढ्यावर गेला आणि शेळीला म्हणाला, "ढकल." वर्षभर ती ढकलत राहिली.

दुसरी जत्रा आली. आता हरला असता तर सगळंच संपलं असतं. नगारा वाजला. डावा पाय आपसूक पडला आणि घंटा घणघणली. मग डोंगराकडून पडसाद आला, धापा टाकत आल्यासारखा.

तेव्हापासून त्या राज्यात धावायला शिकवण्याआधी पोरांना मागून हळूच ढकलून बघतात. हे काम शेळीकडेच आहे, आणि ती ते फार हौसेने करते.

तात्पर्य : ज्याला आणखी पुढे जायचंय, त्याने आपलं पहिलं पाऊल पुन्हा तपासावं आणि त्यापायी थोडं मागे पडायला लाजू नये.