रेषेबाहेरचं रक्त

"पण का, भंते? कारण असलंच पाहिजे."

डॉक्टर प्रबोध गेडाम विहाराच्या पडवीत उभ्याउभ्याच बोलत होते. पोटाच्या विकारांत त्यांचं नाव मोठं. लहानपणी पाली शिकले ते याच भंते धम्मसारांकडे.

"तुम्हाला वेदना नाही. स्कॅन स्वच्छ. दुर्बिणीतूनही पाहिलं. आणि रक्तात लायपेज दर वेळी दुप्पट. चरबी पचवणारं द्रव्य ते, आतड्यात हवं. रक्तात एवढं कशाला?"

"मला भूक लागलीय," भंते म्हणाले.

"आज भूक विसरा. गाडी आणलीय. दुपारी पोट उघडून पाहतो."

विहारात रोज भोजनदान करणाऱ्या सुलोचनाबाई भोजन घेऊन आल्या. "डॉक्टर, बारा वाजत आले. बारानंतर भंते जेवत नाहीत. विलायतेत विसरलात वाटतं."

"ऑपरेशनला पोट रिकामं हवं. वाढू नका."

सुलोचनाबाईंनी तरीही भंतेंच्या भिक्षापात्रात भात वाढला.

भंतेंनी विचारलं, "उघडून काहीच नाही सापडलं तर?"

"तर खात्री होईल."

"कोणाची?"



"न समजलेलं मी सोडत नाही, भंते. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. मग सांग, दुप्पट म्हणजे कशाच्या?"

"निरोगी माणसाच्या मर्यादेच्या."

"ती कोणी आखली?"

"प्रयोगशाळांनी. पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासायचं. बहुतेकांचे आकडे जिथे येतात, तिथे रेषा. टोकाचे थोडे सोडून द्यायचे."

"सोडून दिले ते आजारी होते?"

"नाही... निरोगीच."

"मग त्यांचं पुढे काय झालं?"



"ते कोणी पाहत नाही."

भंतेंनी पात्र जवळ ओढलं. "मी येत नाही, प्रबोध."

"हा हट्ट आहे, भंते. उद्या तुम्हाला काही झालं, तर मी स्वतःला काय सांगू?"

भंतेंनी घास उचलला. डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं.

भंतेंनी हात सोडवून घेतला नाही. घासही खाली ठेवला नाही. नुसते पाहत राहिले...

डॉक्टरांची बोटं हळूहळू सैल झाली.

भंतेंनी घास तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला.

मग म्हणाले, "सुलोचनाबाई, यालाही ताट आणा. सोडून दिलेल्यांतल्या एकासोबत जेवू दे त्याला."