जादा खुर्चीची पावती

कॅप्टन वैदेही कंधारकरचं घर नांदेडला आणि वैमानिकाची नोकरी हैदराबादला. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे घर हलवता येत नव्हतं. कंपनीच्या छोट्या विमानात, कॉकपिटमध्येच वैमानिकांच्या पाठीमागे एक जादा खुर्ची असते. तिच्यावर फुकट बसून ती ड्युटीला जायची, म्हणून तर सुट्टीला वडिलांच्या उशाशी बसणं जमत होतं.

मग कंपनीत नवे व्यवस्थापक म्हणून ताम्हनकरसाहेब आले. "ड्युटी सुरू होईपर्यंत तुम्ही वैमानिक नाही, प्रवासी!" त्यांनी फर्मावलं. "त्या खुर्चीचीही पावती फाडायची." वैदेहीने वडिलांचं सांगून पाहिलं. साहेब ढिम्म.

पुढच्याच आठवड्यात साहेब स्वतः नांदेडहून हैदराबादमार्गे तिरुपतीला निघाले. विमान गच्च भरलेलं. वैदेही पावती घेऊन कॉकपिटच्या दाराशी आली, पण आत काही जाईना.

"बसा की आत! उशीर होतोय," साहेब पहिल्या रांगेतून खेकसले.

"प्रवाशाला कॉकपिटमध्ये बसवणं गुन्हा आहे, साहेब. आणि या पावतीप्रमाणे मी प्रवासी. उतरते मी."

"उतरा खुशाल!"

"बरं. हैदराबादहून तुमचं तिरुपतीचं विमान मीच नेणार होते. तेवढं दुसरं कुणी बघा."

साहेबांचा आवाज खाली आला. "मग तुम्ही आहात तरी कोण?"

"ते तुम्हीच ठरवा. प्रवासी असेन, तर वडिलांपाशी परत जाते. वैमानिक असेन, तर आत बसते."

साहेबांनी हात पुढे केला आणि पावती फाडली. या खेपेला खरोखरच फाडली.